मधूनच पाणी मागणारी

शेपटी ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी मी जाईन तिकडे माझ्या मागे-मागे यायची, म्हणून मीच तिला हे नाव ठेवलं. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली, तरी घरात तेच नाव चालतं. ती लेखक व्हायचं शिकते. असं शिकवणारं कॉलेज असतं हे ऐकून भाऊ म्हणाला होता, लेखक आपोआप होतो, नाहीतर होत नाही. वर्गात बसून काय होणार? पण पोरगी हटून बसली आणि त्याने मान डोलावली. कॉलेज माझ्या खोलीपासून बसने जवळ, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली.

तिला एक आजार आहे. त्याचं नाव लांबलचक आहे. मला ते आता लिहिता येतं, पण लिहून काही उलगडा होत नाही. तिच्या डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं होतं: घराच्या राखणदारांनी घरच्याच माणसांना चोर समजून बडवावं, तसं तिचं शरीर स्वतःलाच बडवतं. कधी बोटांचे सांधे, कधी गुडघे, कधी नुसता थकवा, असा की केस विंचरायला हात वर जात नाही. तो बरा होत नाही, दबून बसतो आणि मनात आलं की डोकं वर काढतो. आणि त्याची मोठी लबाडी म्हणजे तो बाहेरून दिसत नाही. उलट तिचे गाल लाल होतात, आणि लोक म्हणतात, अगं, तब्येत छान दिसतेय की तुझी.

आदल्या वर्षी तिला कॉलेज मध्येच सोडावं लागलं होतं. भावाने तेव्हा सांगितलं की आणखी एकदा बघू. हे वर्ष पार पडलं तर पुढचं, नाहीतर सामान बांध आणि घरी ये. तो वाईट नाही. पोरीला परक्या ठिकाणी काही झालं तर, या धास्तीनेच तो कडक बोलतो. पण बोलला होता, आणि शेपटीने ते शब्द उशाशी घेऊनच वर्ष काढलं.

त्या वर्षात पार पाडायची मुख्य गोष्ट म्हणजे एक मोठी कथा. कथेच्या वर्गाचे जे सर होते त्यांचा एक हट्ट होता. पहिली प्रत हाताने लिहिलेलीच हवी. खाडाखोड बघायची असते म्हणे त्यांना. माणूस कुठे अडला, कुठे वळला, ते खाडाखोडीत दिसतं. बाकीच्या मुलांना ती गंमत वाटायची. शेपटीची बोटं तेव्हा अशी सुजली होती की पेनाचं टोपण मी काढून द्यायचे. मोबाइलमध्ये बोलून लिहायचा प्रयत्न तिने करून बघितला. एक तर मोबाइल भलतंच लिहायचा, आणि दुसरं म्हणजे तो थांबायचा नाही. तो ऐकतोय म्हटल्यावर तिला घाईघाईने बोलावंसं वाटायचं, आणि चार वाक्यांत दम संपायचा.

एक दिवस ती गादीवर पडल्या-पडल्या म्हणाली, आत्या, तू लिहिशील का मी सांगते ते? मला हसूच आलं. मी सगळी हयात इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी आणि अभ्रे घडी करण्यात घालवली. अक्षरं शिकले ती केस पिकल्यावर, शाळा सुटल्यावर बायकांचे वर्ग भरायचे तिथे, पहिलीच्या बाकड्यावर गुडघे दुमडून बसून. माझं अक्षर मोठं, गोल आणि सुटं-सुटं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. आणि वेग म्हणाल तर चहा गार होतो एका वाक्यात.

पण तेच नेमकं जमलं. ती डोळे मिटून पडायची. बराच वेळ काही नाही. मग एक अख्खं वाक्य बोलायची, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत तयार. मी ते लिहायला घ्यायचे. माझं पूर्णविरामापर्यंत पोचणं होईतो तिला तेवढी विश्रांती मिळायची, आणि पुढचं वाक्य डोक्यात पिकायचं. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, एकीने पुढे यायचं, दुसरीने थांबायचं. जिला थांबता येत नाही तिच्याबरोबर घडी वाकडी होते. आमची घडी बसली. ती म्हणायची, आत्या, तुझ्याइतका हळू लिहिणारा माणूस सगळ्या कॉलेजात शोधून सापडला नसता. ही स्तुती होती की टोमणा, ते मी विचारलं नाही.

सुरुवातीलाच तिने सांगून ठेवलं होतं की मी बोलेन ते सगळं लिही, मी नंतर बसून गाळीन. झोपेच्या गुंगीत काहीबाही बोलते, त्यातलंही कधी उपयोगी पडतं. म्हणून मी सगळं लिहायचे. पाणी दे म्हणाली तर आधी लिहायचे पाणी दे, मग उठून पाणी द्यायचे. तिला त्याचीही गंमत वाटायची.

कथा होती छत्र्या दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणींची. एकच दुकान, एकच टेबल, आणि दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही नीट आठवत नाही. सगळा व्यवहार गिऱ्हाइकांमार्फत. थोरली गिऱ्हाइकाला म्हणणार, तिला सांगा, काड्या संपल्यात. धाकटी त्याच गिऱ्हाइकाला म्हणणार, त्यांना सांगा, मला डोळे आहेत. गिऱ्हाईक बिचारं छत्री घ्यायला आलेलं. लिहिता-लिहिता मला इतकं हसू यायचं की अक्षर हलायचं. मग एक दिवस धाकटी चुकून छत्रीचं कापड उलटं शिवते, शिवण बाहेर आणि रंग आत. दुकानात गिऱ्हाईक नसतं. आणि थोरलीच्या तोंडून पहिल्यांदा थेट शब्द निघतो, "भवाने, कापड उलटं लावलंस."

ते "भवाने" माझ्या हातून कागदावर उतरेना. एवढ्या वर्षांनी बहीण बहिणीशी बोलते आणि पहिला शब्द शिवी? मी हळूच तिथे "बाई" लिहिलं. संध्याकाळी शेपटीने मला पान वाचून दाखवायला सांगितलं, आणि तिथे आल्यावर ती ताडकन उठून बसली. दिवसभर मान उचलत नव्हती, ती उठून बसली. म्हणाली, आत्या, अगं ती बाई म्हणाली तर कथाच संपली. परक्या माणसाला बाई म्हणतात. शिवी बहिणीलाच देतात. माझ्या लिहिण्यातला एक शब्द जरी तू इकडचा तिकडे केलास तर मी तुला सांगायचं बंद करीन. मग दुसऱ्या दिवसापर्यंत ती माझ्याशी बोललीच नाही. दोन बहिणींचं दुकान आमच्याच खोलीत थाटलं होतं म्हणा. मी "बाई" खोडून "भवाने" लिहिलं, आणि मनाशी ठरवलं की पुन्हा हिच्या कागदाला माझी अक्कल लावायची नाही.

एका गोष्टीवरून मात्र मी तिच्याशी वाद घालत राहिले. कॉलेजात सांग, म्हणायचे. आजाराचं सांग, दुसऱ्याच्या हाताने लिहून घेते ते सांग. तशी परवानगी मिळते, तिनेच एकदा बोलताना सांगितलं होतं. पण ती ऐकायला तयार नव्हती. पहिल्या वर्षी एका बाईंना तिने विश्वासाने सांगितलं होतं. त्यानंतर तिच्या पुढच्या कथेखाली त्या बाईंनी शेरा मारला, "एवढ्या त्रासातही छान प्रयत्न." ती कथा वाईट होती, शेपटी म्हणायची, मला माहीत होतं ती वाईट होती. मला ती वाईट आहे असं ऐकायचं होतं. तेव्हापासून तिने तोंड शिवून घेतलं. त्यापेक्षा नापास झालेली बरी, म्हणाली.

मग कथा द्यायच्या आठवड्यातच आजाराने डोकं वर काढलं. ताप, सांधे लाल, आवाज अगदी आत गेलेला. तरी ती पडून सांगत होती आणि मी लिहीत होते. शेवट आता आलाच होता. एका दुपारी वाक्याच्या मध्येच ती थांबली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बस. आता नाही होत." मी तेही लिहिलं. त्यानंतर दोन-तीन दिवस ती औषधाच्या गुंगीत होती. कथा द्यायचा दिवस उजाडला तेव्हा मी तिला हलवून विचारलं, काय करू गं? डोळे न उघडता ती म्हणाली, आहे तशी देऊन ये.

मी कागद पुढे घेऊन बसले. त्यात मधूनमधून पाणी होतं, उशी होती, खिडकी होती. ती गाळणार होती ते गाळायचं राहून गेलं होतं, हे मला दिसत होतं. पेन्सिलही हातात घेतली. पण "भवाने"ची आठवण झाली आणि हात पुढे जाईना. कोण जाणे, खिडकी लाव असं धाकटी म्हणते की शेपटी म्हणते? एक गाळलं आणि तेच नेमकं कथेतलं निघालं तर? मी पेन्सिल ठेवली, कागदांच्या कडा जुळवल्या आणि कॉलेजच्या ऑफिसात देऊन आले. शेपटी बरी झाल्यावर मला वाटलं, तिला सांगावं. मग वाटलं, तिला ठाऊकच असेल, तिनेच तर म्हटलं होतं आहे तशी दे. आणि तिला वाटलं, आत्याला एवढी समज आहे, पाणी-बिणी तिने काढलंच असेल. दोघीही आपापल्या जागी निर्धास्त.

काही दिवसांनी कॉलेजातून निरोप आला. विभागप्रमुख बाईंनी भेटायला बोलावलंय, आणि कथा ज्यांच्या अक्षरात आहे त्यांनाही घेऊन यायचं. शेपटीचा चेहरा उतरला. कथा दुसऱ्याची म्हणून नाकारली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे सामान बांधायचं. तिने तयारी केली. हात मुरगळला होता, असं सांगायचं ठरवलं. आत्या, तू फक्त हो म्हण, म्हणाली. मी म्हटलं, बघू.

जाताना बसमध्ये एकच जागा मिळाली, तिथे मी तिला बसवलं. माझे पाय खणखणीत आहेत, आयुष्यभर उभ्यानेच काम केलेले. पण समोरच्या एका गृहस्थांना ते सहन होईना. ते सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले की हल्लीच्या मुलांना लाज राहिली नाही, म्हातारी उभी आणि तरणीताठी बसलीय. मी काही बोलणार तोच शेपटी उठून उभी राहिली. हसून म्हणाली, बस ना आत्या. मला बसावं लागलं, आणि ती दांड्याला धरून लटकत आली. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली मला खालून दिसत होती. त्या गृहस्थांना फार समाधान झालं.

कॉलेजात जिना चढताना मला तिची एक युक्ती कळली. प्रत्येक वळणावर भिंतीला सूचनांचा फलक होता, आणि ती तिथे थांबून प्रत्येक सूचना अगदी मन लावून वाचत होती. हरवलेलं जाकीट, वक्तृत्व स्पर्धा, सायकली कुठे लावू नयेत. पाठीमागून येणाऱ्याला वाटावं, केवढी चौकस मुलगी. त्या कॉलेजातल्या सूचना तिच्याइतक्या नेमाने कुणीच वाचल्या नसतील.

विभागप्रमुख बाई टेबलामागे बसल्या होत्या. चष्मा गळ्यात, चेहरा करडा. कथेचे सर खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते. भिंतीलगत एक लांब बाकडं होतं आणि त्यावर फायलींचे ढीग. टेबलावर आमचे कागद होते. माझं अक्षर मी दारातूनच ओळखलं. बाईंनी मला विचारलं की हे तुम्ही लिहिलंत का. मी हो म्हटलं. तुम्ही काय करता, म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी एकदा कागदांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे कथा तुमची?"

"मला चादरीची घडी येते, मॅडम," मी म्हटलं. "कथा हिची."

मग त्या शेपटीकडे वळल्या. तुझे हात तर धडधाकट दिसतायत, म्हणाल्या, मग स्वतः का लिहिलं नाहीस? एवढ्या पानांत एका शब्दापलीकडे खाडाखोड नाही. कुठून तरी उतरवून घेतल्यासारखं दिसतं हे. शेपटीने हात मुरगळल्याचं सांगितलं. कोणता, त्यांनी विचारलं. उजवा, ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिने त्याच उजव्या हाताने केस मागे सारले. बाईंनी ते बघितलं. मीही बघितलं. छत्रीवाल्या बहिणी रचणाऱ्या पोरीला एक साधी थाप मारता येईना.

एवढा वेळ सर कागद चाळत होते. ते म्हणाले, माझी शंका निराळी आहे. कथा त्यांना आवडली होती. दोन बहिणी त्यांना अगदी डोळ्यांपुढे दिसत होत्या.

"पण ही तिसरी कोण?" ते म्हणाले. "मधूनच पाणी मागते ती? एकदा उशी खाली घ्यायला सांगते. थोरली शिवी देते त्याच्या जरासं आधी म्हणते, आत्या, पाय दाब, मुंग्या आल्यात. मला आधी वाटलं, दुकानाच्या माळ्यावर त्यांची आई पडून असेल. म्हणून पुन्हा वाचलं. आणि शेवटही तिच्याच तोंडी आहे. 'बस. आता नाही होत.' इतक्या वर्षांत असा शेवट माझ्या वर्गात कुणी केला नव्हता."

शेपटीने माझ्याकडे बघितलं. तिला ठाऊक नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. मी सगळं माझ्यावर घ्यायला तोंड उघडलं, पण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गप्प राहा, असा.

सरांनी दार उघडून ठेवलं होतं. तिने नुसतं म्हणायचं होतं, हो सर, आईच आहे ती. माळा, आजारी आई, कुणाला न दिसणारी, सगळं तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत रचलं असतं. सर खूश झाले असते. आजार झाकलेलाच राहिला असता. आणि हात मुरगळल्याची थाप कदाचित सरांच्या कौतुकात खपूनही गेली असती. मी तिच्याकडे बघत होते. ती डोळे मिटून बसली होती, घरी वाक्य जुळवताना बसते तशी. बाईंनी पेन टेबलावर आपटलं. मी मनात म्हटलं, थांबा जरा, ती बोलणार आहे.

"ती मी आहे, सर," शेपटी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, बोटांचं सांगितलं, जिन्यावरच्या सूचनांचंसुद्धा. हात मुरगळला नव्हता, म्हणाली. पाणी मी आत्याकडे मागत होते, आणि ते मी गाळायचं होतं ते राहिलं. तो शेवट नव्हे. तिथे फक्त माझी ताकद संपली. शेवट अजून माझ्या डोक्यात आहे.

सर हातातल्या पानाकडे बघत राहिले. बरंच कौतुक परत घ्यावं लागणार होतं त्यांना. बाई म्हणाल्या, हे आधीच का सांगितलं नाहीस?

"सांगितलं की लोक माझी कथा वाचत नाहीत," शेपटी म्हणाली. "मला वाचतात."

मग ती पुन्हा म्हणाली, आणि आवाजात ना माफी होती ना विनंती, "मला आता आडवं व्हावं लागेल, मॅडम."

इतक्या महिन्यांत मी तिला परक्या माणसांसमोर असं बोलताना ऐकलं नव्हतं. बाई उठल्या. मला वाटलं, आता दार दाखवतात. त्या बाकड्यापाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने फायली उचलून खाली ठेवायला लागल्या. मी पण हात लावला. शेपटी बाकड्यावर आडवी झाली आणि तिने एक लांब श्वास सोडला. ओझं वाहून आणलेल्या माणसाने ते उंबऱ्यात टेकवावं, तसा.

बाईंचा संशय मात्र पुरता गेला नव्हता, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. शेवट डोक्यात आहे म्हणतेस ना, त्या शेपटीला म्हणाल्या, मग सांग. ह्या लिहितील. मी खुर्ची बाकड्याजवळ ओढली आणि पेन धरलं.

शेपटी गप्प. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग तिचं डोकं नुसत्या लाकडावर टेकलंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या सरांना काहीतरी म्हणाल्या. सरांनी खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर दिला. तो डोक्याखाली गेला. पुन्हा शांतता. बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी हळूच सांगितलं की असंच असतं, आतून तयार होऊन येतं, थांबावं लागतं. थांबायला त्यांना जमत नव्हतं, पण थांबल्या.

मग वाक्य आलं. अख्खं, नेहमीसारखं. मी लिहायला घेतलं, आणि माझ्या पेनाचा आवाज तेवढा खोलीत राहिला. पूर्णविराम दिला. दुसरं आलं. सर खुर्चीतून उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. तिसरं आल्यावर ते मोठ्याने हसले, आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळले.

बाईंनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. आधी मनात, मग मोठ्याने.

"'अहो सर, तो स्वेटर द्या ना इकडे, हिच्या डोक्याखाली काही नाही. असा नको, घडी करून.'" त्या थांबल्या. "हे कोण बोललं?"

"तुम्ही, मॅडम," मी म्हटलं. "पेन हातात दिलंत ना, मग मी लिहिते."

बाकड्यावरून खुसखुस ऐकू आली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग त्यांचाही चेहरा सैलावला, आणि त्या हसल्या. हसल्या की त्या अगदी वेगळ्या दिसतात. पुढे वाचू लागल्या.

"'थोरली वाट बघत होती. धाकटीने काही न बोलता सगळे टाके उसवले. मग सुई ओवून तिने कापड पुन्हा उलटंच शिवायला घेतलं.'"

त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणजे ती पुन्हा बोलेल म्हणून, सर म्हणाले. मला कळलंय हो सर, बाई म्हणाल्या.

नंतरचं सगळं कामाचं बोलणं झालं. डॉक्टरांचा कागद आणून दे, म्हणाल्या. पुढच्या वर्षी लिहायला तुझी आत्या किंवा दुसरं कुणी, ते तू ठरव. कथा तुझीच धरली आहे. गाळायचं ते गाळून आठवड्याभरात दे. ते बाकडं मोकळं राहील, तास चालू असतानासुद्धा. आणि गुण कथेला मिळतील, एवढं त्या पुन्हा एकदा, शब्द तोलून म्हणाल्या. सरांनी मात्र गळ घातली की त्या तिसऱ्या बाईला काढू नकोस, निदान पाण्यापुरती राहू दे. शेपटी आडव्यानेच म्हणाली, नाही सर, ही छत्र्यांची गोष्ट आहे. मध्यात जरा लांबली आहे, तेही मला ठाऊक आहे. सर म्हणाले, हो, मध्यात लांबलीच आहे, आणि त्यांनी ती कुठे लांबली ते सांगायला सुरुवात केली. शेपटीचे डोळे असे चमकले की जणू कुणी तिला नवं जाकीट घालून दिलं.

परतताना बसमध्ये पुन्हा एकच जागा रिकामी. ती बसली, मी उभी राहिले. दोन थांबे जात नाहीत तोच पलीकडून एक काका तिला म्हणाले की अगं मुली, आजींना बसू दे की. मी शेपटीकडे बघितलं. ती जागची हलली नाही.

"मी आजारी आहे, काका," ती म्हणाली. "दिसत नाही, पण आहे. आणि ह्या माझ्या आत्या. ह्यांना काही होत नाही."

काका गडबडले. मग ते स्वतःच उठले आणि मला जागा दिली. मी बसले. एवढा आग्रह होता तर मोडायचा कशाला?

घरी पोचल्यावर तिने भावाला फोन लावला आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून गादीवर पडली, म्हणजे मलाही ऐकू यावं. तिने सगळं सांगितलं, थाप आणि स्वेटर धरून. भाऊ खाकरून म्हणाला, म्हणजे सामान बांधायचं नाही ना? नाही, ती म्हणाली. बरं झालं, तो म्हणाला, इथे तुझ्या खोलीत मी माझी हत्यारं ठेवलीत, ती हलवायची कुठे हाच प्रश्न होता. भाऊ असाच बोलतो. पण त्याचा आवाज ओला झाला होता, आणि तो लपवण्यासाठी त्याने आम्हा दोघींना जेवायच्या वेळा पाळण्यावरून झापलं.

दोन दिवसांनी तिच्या बोटांची सूज जरा उतरली. उशीला टेकून, गुडघ्यावर पाट ठेवून ती कथा गाळायला बसली. पेन मुठीत धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. एकेक पाणी, एकेक उशी, एकेक खिडकी तिने आपल्या हाताने खोडली, दाबून, काळ्या जाड रेघांनी. मध्यातलं एक पानच्या पानही गेलं. माझं सगळं वाळत घातलेलं चिखलात पडल्यासारखं दिसायला लागलं, पण मी काही बोलले नाही. ती म्हणाली, बघ, आता मिळाली की नाही सरांना खाडाखोड!

मी तिच्या शेजारी बसून सुटी पानं क्रमाने लावत होते. पेन माझ्याही हातात होतं, पानांवर आकडे घालायला. खोडता-खोडता ती थांबली, मान मागे टाकली आणि म्हणाली, आत्या, पाणी दे.

सवयीने माझं पेन कागदाला टेकलं.

"हे लिहू नकोस," ती म्हणाली. "नुसतं पाणी दे."